शिताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, हे वचन आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. संस्कृतात ह्यासच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. परंतु जेथे शीत शितापासून सुटतच नाही, तेथे परीक्षा कशी करावी?

मेकाँग नदीच्या काठी वसलेल्या लाओस देशात असाच भात रोज खातात, आणि 'आम्ही चिकट भाताची लेकरे' असे तेथील लोक अभिमानाने म्हणवितात. त्या तांदळाच्या पिष्टात अमायलोज हा घटक जवळजवळ नसतो. म्हणून शिते एकमेकांस धरून राहतात. हा तांदूळ पाण्यात शिजवीत नाहीत. रात्रभर भिजवून, पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफवितात. मग तो झाकणाच्या करंडीत भरतात. तीच करंडी शेतावर व प्रवासात बरोबर जाते. जेवताना हाताने लहानशी गोळी करावी आणि चटणीत बुडवून खावी, अशी तेथील रीत आहे.

लुआंग प्रबांग नगरात पहाटे भिक्षू रांगेने निघतात, आणि गृहस्थ त्यांच्या पात्रांत ह्याच भाताचा लहान लहान घास घालतात. ह्या दानास 'ताक बात' म्हणतात. त्यातील 'बात' म्हणजे आपला 'पात्र' शब्दच होय. १९७५ साली तेथे साम्यवादी राजवट आल्यावर अनेक कुटुंबे अमेरिकेत व फ्रान्सात जाऊन राहिली; परंतु चिकट भात त्यांनी सोडला नाही.

आमच्या पंक्तीत मात्र असा भात दोषी ठरतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घरी पाहुणे असता भात गिचका झाला, आणि आम्ही सर्वांदेखत सौभाग्यवतीस बोललो. ती उलट काही बोलली नाही. त्यास आता चाळीस वर्षे होत आली. भात पुन्हा कधी बिघडला नाही. परंतु पहिला वाढा घालताना तिचा हात अजूनही क्षणभर थांबतो, हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले.

परवा लाओसची ही हकीकत आम्ही तिला वाचून दाखविली. ती हसून म्हणाली, "मग तिकडे भात मोकळा झाला, तर सुनेला बोलणी बसत असतील!"

त्या दिवशी पंक्तीत परीक्षा झाली ती भाताची नव्हे, आमची. आणि तीत आम्ही नापास झालो, हे वाचकांपुढे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे.