आदामाचें पाप आणि ऑगस्टीनचें लॅटिन

मनुष्य जन्मतःच अपराधी, हा सिद्धांत ख्रिस्ती धर्मानें जुन्या करारांतून जसाच्या तसा उचलला, असें सुशिक्षितांच्या चर्चेंत वारंवार ऐकूं येतें. धर्माचे कैवारी तें अभिमानानें सांगतात, टीकाकार उपहासानें. मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी मात्र उभय पक्षांत थोडेच घेतात.

उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पाहावा. आदाम व हव्वा यांनीं आज्ञा मोडली, त्यांस शिक्षा झाली. परंतु ‘पाप’ हा शब्दच त्या अध्यायांत नाहीं! तो प्रथम येतो चौथ्यांत, काइनाच्या कथेंत. आणि तेथें देव काइनास बजावतो तें हें कीं, दाराशीं टपलेल्या पापावर त्यानें सत्ता चालवावी. ज्याचा स्वभावच समूळ नासला, त्यास असा उपदेश कोण करील? पुढें जलप्रलयानंतरही, मनुष्य ईश्वराची प्रतिमा आहे हेंच मनुष्यवधाच्या निषेधाचें कारण दिलें आहे. बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाहीं, हें तर यहेज्केल अठराव्या अध्यायांत निःसंदिग्धपणें सांगतो. एकावन्नाव्या स्तोत्राचा कर्ता आपण मातेच्या उदरापासूनच पापी असल्याचें म्हणतो, हें खरें. पण पश्चात्तापाचा आक्रोश म्हणजे वंशपरंपरेचा कायदा नव्हे.

आतां पौल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत मनुष्याचा अधर्म दाखविण्यासाठीं त्यानें स्तोत्रें व यशया यांतील वचनांची माळच ओवली आहे. सातव्यांत, पापानें आपणांस फसविलें, असें तो लिहितो, तेव्हां हव्वेनें सर्पाविरुद्ध केलेल्या तक्रारीचा प्रतिध्वनि स्पष्ट ऐकूं येतो. पांचव्यांत तो म्हणतो कीं, एका मनुष्याच्या द्वारें मरण आलें आणि तें सर्वांस व्यापून राहिलें, कारण सर्वांनीं पाप केलें. यांतील ‘कारण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांचें लॅटिन भाषांतर ‘ज्याच्या ठायीं’ असें झालें. आणि ज्याचें ग्रीक कच्चें होतें त्या ऑगस्टीननें (३५४–४३०) सर्वांनीं आदामाच्या ठायींच पाप केलें, असा अर्थ घेतला. त्याच्या सिद्धांतास इतर आधार नव्हते असें नाहीं. पण हा एक मुख्य खांब होता. परिणाम काय? बाप्तिस्म्यावांचून मेलेलें अर्भकही दंडास पात्र, जरी तो दंड सौम्यतम असला तरी! एक्लानमचा बिशप ज्युलियन यानें याविरुद्ध कंठशोष केला, तो व्यर्थ गेला.

याच्या उलट याकोबाच्या पत्रांत, ईश्वरसदृश निर्मिलेल्या मनुष्यास शाप देऊं नये म्हणून उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायाचें स्मरण दिलेलें आहे. दुसऱ्या शतकांतील लियॉनचा बिशप इरेनियस आदामास बालकासारखा अपरिपक्व मानतो. म्हणजे एकाच जुन्या ग्रंथाचे प्रतिध्वनि आद्य ख्रिस्ती लेखकांच्या कानीं भिन्न स्वरांत पडले. त्यांतील एकच स्वर, तोही भाषांतरांतून आलेला, मूळचा म्हणून मिरविणें हा इतिहासाचा विपर्यास होय.

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. पण पाळण्यांतल्या मुलावर आरोपपत्र ठेवण्यापूर्वीं निदान त्याचें व्याकरण तरी तपासून घ्यावें, एवढें म्हणण्याचा अधिकार वाचकमात्रास आहे.