बाईंची मधली सुट्टी : "चालतोय की!"



परवा संध्याकाळी सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या इमारतीखाली चौथीतला एक मुलगा आईच्या फोनवर खेळत बसला होता. मी विचारलं, "केवढा जुना रे हा?" तो म्हणाला, "सहा वर्षांचा. पण मस्त चालतोय की, बाई!"

आम्ही दोघांनी सेटिंगमध्ये पाहिलं. सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख होती २०२१ ची. आणि आईच्या बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येत होते!

आता सांगा, 'चालतोय' म्हणजे 'सुरक्षित आहे' असं होतं का? दाराचं कुलूप रोज नीट लागतं. पण त्याची किल्ली बाजारात कुणालाही मिळत असेल तर?

फोनमधली यंत्रणा म्हणजे माणसांनी लिहिलेल्या लाखो ओळी. त्यात चुका राहतातच. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये अशी एक चूक सापडली, की नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून चोराला फोनमध्ये शिरता आलं असतं. त्या ऑगस्टपासून सापडलेल्या चुकांची यादी आणि त्यांची दुरुस्ती नियमितपणे जाहीर होते. पण ही यादी चोरही वाचतात बरं का! नव्या फोनमधलं भगदाड बुजतं. जुन्या फोनला दुरुस्ती पोचत नाही. त्याचं भगदाड तसंच राहतं, आणि आता ते सगळ्यांना ठाऊक असतं.

संगणकांचंही तसंच. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामसुद्धा त्याने विस्कळीत केलं. तो ज्या भगदाडांतून पसरला, त्यातल्या एकाची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. अनेकांनी ती केलीच नव्हती.

मग काय, नवा फोन घ्यायचा? तसं मी म्हणणार नाही. घरोघरी पैशांचं गणित असतं. पण एवढं करता येतं: अपडेट आलं असेल तर लगेच घ्या. येतच नसेल तर बँकेचं ॲप आणि बँकेचं सिम त्या फोनवर ठेवू नका. मेसेजमधून आलेलं ॲप कधीच टाकू नका. आणि पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा.

त्या मुलाच्या आईने बँकेचं सिम बाबांच्या नव्या फोनमध्ये घातलं. जुन्या फोनवर तो आता पाढे रेकॉर्ड करून ऐकतो.

या रविवारचा गृहपाठ : घरातल्या प्रत्येक फोनची सुरक्षा अपडेटची तारीख वहीत लिहा. आजीआजोबांचा फोन विसरू नका हं!

तुमच्या,
बाई