मापावरची मक्तेदारी

दाताला टोपी बसवावयाची किंवा कवळी करावयाची म्हणजे तोंडात अल्जिनेटचा लगदा धरून माप घ्यावयाचे, त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढावयाचा आणि तो दंत-तंत्रज्ञाकडे धाडावयाचा, ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. आता हातात मावणारा डिजिटल स्कॅनर तोंडात फिरवला की तेच माप काही मिनिटांत संगणकावर उतरते. रुग्णाला उमासे येत नाहीत, वाटेत साचा तडकत नाही. यंत्राच्या या गुणांविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र उतरलेले माप कोणाच्या ताब्यात जाते, हे तपासावयास हवे.

या तंत्राचा जन्म झ्यूरिक विद्यापीठात झाला. म्योरमान आणि ब्रांदेस्तिनी यांनी 1985 मध्ये ते पहिल्या रुग्णावर वापरले; पुढे सीमेन्सने ते बाजारात आणले. विद्यापीठातील कल्पना कंपनीच्या खातेवहीत जमा होणे, हे नेहमीचेच. त्यानंतर डेन्मार्कची थ्रीशेप, कोरियाची मेडिट, चीनची शायनिंग थ्रीडी असे विक्रेते वाढले आणि किमती उतरल्या. बाजाराचे भाष्यकार याला स्पर्धेचा विजय म्हणतात. परंतु यंत्राची किंमत उतरली म्हणून मक्तेदारी संपली, हा निष्कर्ष घाईचा आहे.

अमेरिकेतील अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. वाकडे दात सरळ करणारे इन्व्हिझलाइन हे पारदर्शक साचे तिचे. तिच्या उत्पन्नाचा सुमारे चार-पंचमांश भाग या साच्यांतूनच येतो. 2011 मध्ये केडंट ही कंपनी विकत घेऊन तिने आयटेरो हा स्कॅनर पदरात पाडून घेतला. 2017 मध्ये साच्यांवरील तिच्या जुन्या एकस्वांची मुदत संपू लागली. त्याच वर्षी तिने थ्रीशेपवर एकस्वभंगाचे दावे लावले आणि 2018 च्या प्रारंभापासून थ्रीशेपच्या यंत्राने घेतलेली मापे अमेरिकेत स्वीकारणे बंद केले. हा योगायोग मानावयाचा असेल त्याने खुशाल मानावा! ज्या दंतवैद्यांनी पदरचे पैसे घालून दुसऱ्याचे यंत्र घेतले होते, त्यांच्यापुढे पुन्हा लगद्याचे माप घेणे किंवा अलाइनला मान्य असलेला स्कॅनर विकत घेणे, असे मार्ग उरले. 2020 मध्ये प्रयोगशाळांत वापरली जाणारी एक्झोकॅड ही आरेखन-प्रणालीही अलाइनने विकत घेतली. माप, आरेखन आणि माल या तिन्ही नाक्यांवर एकच जकातदार बसला.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा पुरस्कार केला, तो उत्पादनाचे साधन सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे म्हणून. स्कॅनर आकाराने छोटा खरा. पण त्याची प्रणाली, परवाना आणि माप जाण्याची वाट दूरच्या कंपनीच्या हाती असेल, तर त्याला छोटे यंत्र म्हणणे कठीण.

श्रमिकांचा प्रश्नही याच वाटेवर उभा आहे. प्लॅस्टरचा साचा गावातल्या किंवा शेजारच्या शहरातल्या तंत्रज्ञाकडे जात असे; संगणकीय माप क्षणात सीमा ओलांडते. अलाइनचे दात जुळवण्याचे संगणकीय काम प्रारंभी लाहोरमध्ये चाले. 2001 नंतर ते तेथून उठवून कोस्टा रिकाला नेण्यात आले. लाहोरच्या कारागिरांच्या हातचे काम गेले, यंत्राच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख कोठे असणार?

कार्यकर्त्यांना हा विषय किरकोळ, सुखवस्तूंच्या दातांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखरोग आहेत. भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये असून त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत, आणि दातांचा उपचार जवळजवळ सर्वस्वी रुग्णाच्या खिशातून होतो. कंपनीला दिलेली प्रत्येक जकात अखेर त्याच खिशातून जाते.

म्हणून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांसाठी स्कॅनर खरेदी होताना निविदेत स्पष्ट अटी हव्यात. माप एसटीएलसारख्या खुल्या स्वरूपात, वार्षिक शुल्काशिवाय बाहेर काढता आले पाहिजे. त्याची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. आणि आरेखनाचे शिक्षण डॉक्टरांबरोबर तंत्रज्ञांनाही दिले पाहिजे. यंत्र एकदा आले की अटी घालता येत नाहीत. तेव्हा ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी दंत-तंत्रज्ञांना बरोबर घेऊन अधिष्ठात्यांकडे आणि वैद्यकीय शिक्षण खात्याकडे या मागण्यांची निवेदने निविदा निघण्यापूर्वीच दिली पाहिजेत.