हरणाची हाक

इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलं तर हे नाव होतं 'यूयू तू'. म्हणजे इंग्रजीतलं तू, पुन्हा तू, आणि वर मराठीतलं तू! मलेरियावरच्या औषधासाठी २०१५ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ बाईंचं हे नाव. मराठी माणसाला विनोद करायला इतकं आयतं नाव शोधून सापडायचं नाही. पण जरा खोदून बघितलं की विनोद बाजूला राहतो आणि हाताला भलतंच काहीतरी लागतं.

चिनी पद्धतीत आडनाव आधी, म्हणून खरा क्रम 'तू योयो'. आडनावाच्या अक्षराचा अर्थ कत्तल करणं, खाटीककाम. दचकू नका, आपल्याकडेही आडनावाच्या अर्थाकडे कोण बघतो? गंमत पुढे आहे. 'योयो' म्हणजे हरणाचं ओरडणं. आपली किलबिल किंवा रुणझुण असते ना, तसा निव्वळ आवाजावरून झालेला शब्द. लिहिताना डावीकडे 'तोंड' हे चिन्ह, उजवीकडे उच्चार सुचवणारं अक्षर, आणि हे सगळं दोनदा.

रोमन लिपीत यातलं काहीच उरत नाही. अगदी ह्याच उच्चाराचा, ह्याच सुराचा चिनीत आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ दीर्घ, निवांत. अक्षर दिसलं तरच कळतं की हरीण आहे की निवांतपणा. आमच्या भाषेत सांगायचं तर हे लॉसी कॉम्प्रेशन. फाइल उघडते, चित्र दिसतं, पण डिटेल कायमचे गेलेले.

हे नाव वडिलांनी ठेवलं. जन्म १९३०चा, गाव निंगबो. नाव उचललं 'शिजिंग'मधून. हा चीनचा सर्वात जुना काव्यसंग्रह, ३०५ कवितांचा, अडीच हजार वर्षांहून जुना. मुलीचं नाव शोधायचं तर 'शिजिंग' उघडावं, असं चिनी लोक आजही म्हणतात. आपण कालिदासाकडे जातो तसंच. यातल्या 'लू मिंग' म्हणजे 'हरणांची हाक' या कवितेत हरणं रानात चरताना एकमेकांना साद घालतात आणि तिकडे यजमान पाहुण्यांचं वाद्यांच्या गजरात स्वागत करतो. जुने टीकाकार सांगतात की चारा सापडला की हरीण एकटं खात नाही, सोबत्यांना बोलावतं. चांगल्या यजमानानेही तसंच वागावं. ही प्रतिमा चीनमध्ये इतकी रुजली की पुढे शाही परीक्षा पास झालेल्यांना जी मेजवानी द्यायचे तिचं नावही 'हरणांच्या हाके'वरूनच पडलं.

आता सगळ्यांना आवडणारा योगायोग. त्या कवितेच्या दुसऱ्या कडव्यात हरणं जी वनस्पती खातात तिचं नाव 'हाव'. आणि तू योयो यांनी ज्या वनस्पतीतून मलेरियाचं औषध काढलं ती 'चिंगहाव'. तोच हाव! (आपला जोतिबाला वाहायचा दवणाही याच कुळातला, बरं का.) झालं, लोकांनी लगेच ठरवून टाकलं की नोबेल हिच्या नावातच लिहिलेलं होतं.

मला हे पटत नाही. एक तर कवितेला तीन कडवी आहेत, तिन्हींत हरणं योयो करतात, आणि प्रत्येक कडव्यात चारा वेगळा. आपण आपल्याला हवं ते कडवं उचलतो. दुसरं म्हणजे अशा गोष्टीत बाईंचं काम पार गायब होतं. १९६९ साली त्या या प्रकल्पात आल्या. त्यांच्या टीमने जुन्या ग्रंथांतले आणि वैद्यांकडचे दोन हजारांवर पाठ जमवले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८०हून जास्त अर्क तपासले. चिंगहावचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग हाँग या वैद्याच्या ग्रंथात दिसलं की तो ही वनस्पती उकळत नाही, पाण्यात भिजवून पिळतो. उष्णतेनेच औषध मरत असेल का? म्हणून कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि ऑक्टोबर १९७१मध्ये १९१ नंबरचा नमुना उंदरांच्या मलेरियावर शंभर टक्के चालला. माणसांवर प्रयोग करण्याआधी त्यांनी तो स्वतः घेऊन बघितला. याला नशीब म्हणायचं? मी तरी याला डीबगिंग म्हणेन, आणि तेही जिवावरचं.

मला विचाराल तर या नावातला खरा मुद्दा चारा नाहीच, हाक आहे. ह्या कामामागे 'प्रकल्प ५२३' होता. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते म्हणून २३ मे १९६७ रोजी सुरू झालेला गुप्त लष्करी प्रकल्प, त्यात अनेक संस्थांमधले शेकडो लोक. १९७७मध्ये ह्या औषधाच्या रेणूची रचना छापून आली ती गटाच्या नावाने, एकाही व्यक्तीचं नाव न घालता. पुढे २०११चा लास्कर पुरस्कार आणि मग नोबेल, दोन्ही व्यक्तींना दिले जाणारे. साहजिकच चीनमध्ये वाद झाला की श्रेय एकीचं की सगळ्यांचं?

कोड कोणी लिहिला, बग कोणी शोधला आणि डेमो कोणी दिला, हा प्रश्न आपल्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतोच. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. नाव लपवणं म्हणजे नम्रता नव्हे. ईथरची कल्पना कोणाची हे नोंदलं गेलंच पाहिजे, नाहीतर अशा बाई इतिहासात नुसत्या 'गट' म्हणून उरतात. पण ज्याला चारा सापडला त्याने बाकीच्यांना हाकही मारली पाहिजे. तू योयो यांनी स्टॉकहोमच्या भाषणात इतर संस्थांमधल्या सहकाऱ्यांचे आभार मानले. कोणाला ते पुरेसे वाटले, कोणाला नाही.

नाव म्हणजे काही भविष्य नव्हे. फार तर घरच्यांनी हळूच सांगून ठेवलेली एक अपेक्षा. एका बापाने मुलीला विजय, कीर्ती असलं काही न देता, सोबत्यांना बोलावणारा एक आवाज दिला. आज तिच्या कामातून निघालेली औषधं आपल्याकडेही फाल्सिपेरम मलेरियाच्या पेशंटला देतात. हाक बरीच लांब पोचली म्हणायची.