कर्ण्याला सोवळे कशाला?

आमच्या खराडीत दिवाळीचा फराळ झाला की शाळांच्या स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. गेल्या साली इथल्या एका शाळेत आम्ही पोरांचा बँड उभा केला. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ढोल मिळून बावीस जण. त्यांच्यासाठी 'अलबेला' या 1951 सालच्या बोलपटातले 'शोला जो भडके' बसवले. पोरांनी दोन महिने ओठ सुजेपर्यंत फुंकर मारली. संमेलनाला आठवडा उरला असताना समितीतले एक सद्गृहस्थ तालीम ऐकायला आले आणि म्हणाले, "मास्तर, हा परकी धांगडधिंगा आपल्या संस्कृतीत बसत नाही. त्यापेक्षा 'ऐ मेरे वतन के लोगों' घ्या. ते कसं, आपलं आहे!"

वाचकहो, मला हसावे की रडावे ते कळेना. ही दोन्ही गाणी एकाच माणसाची!

रामचंद्र नरहर चितळकर हा नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, 1918 साली जन्मलेला मराठी माणूस. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेला. जगाने त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखले. 'अलबेला'त भगवानदादांना नाचवणारा तोच, 1957 साली 'आशा' बोलपटात 'ईना मीना डीका'ने देश गदगदा हलवणारा तोच, आणि 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंच्या तोंडून पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणणारा तोच. पुढे 2022 साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' ही जुनी इंग्रजी धून वगळली गेली, तेव्हा सैन्याच्या बँडांनी वाजवली ती याच चितळकरांची चाल. एका हाताने घडवलेल्या दोन मूर्ती. एकीला देव्हाऱ्यात बसवायचे आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, हा कुठला न्याय?

"पण ते जाझ परकेच ना?" असे विचारणारे विचारतील. होय, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे. 1935 साली लिऑन अ‍ॅबी आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड आला. ते ऐकून आमच्या गोव्याच्या पोरांनी कान टवकारले. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही पोरे. त्यांतलाच हळदोण्याचा आंतोनियु शाविएर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. त्याचा ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या संगीतात घुमला, आणि 'अलबेला'च्या पडद्यावर तो आपल्या ताफ्यासह दिसलाही. पुणतांब्याचा माणूस चाल बांधतो, हळदोण्याचा माणूस ती कर्ण्यातून फुंकतो. यात परके कोण, ते मला कुणी दाखवून द्यावे.

आणि या बिग बँडची रचना तरी काय असते? ट्रंपेटांची एक रांग, ट्रोंबोनांची दुसरी, सॅक्सोफोनांची तिसरी, आणि खाली ठेका. एका रांगेने हाक द्यायची, दुसरीने ओ द्यायची. मधेच एकट्याने पुढे येऊन आपली करामत दाखवायची. शाहीर आणि त्याचे झीलकरी यांचा पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला अमेरिकेला जावे लागत नाही. शाळेच्या बँडमध्ये तारेची वाद्ये नसतात, फुंकायची आणि बडवायचीच असतात. त्यामुळे ही रचना तिथे अंगच्या कपड्यासारखी बसते.

सोवळ्याचा हट्ट आपल्याला नवा नाही. बाजाची पेटी युरोपातून आली. तिच्यावाचून आज कीर्तन होत नाही, नाट्यपद रंगत नाही. तरी 1940 साली आकाशवाणीने तिला परकी ठरवून आपल्या दारातून हाकलले होते. काय झाले? पेटी राहिली, बंदी गेली. चिवड्यातली मिरचीही पोर्तुगीजांबरोबरच आली. समितीतल्या सद्गृहस्थांनी ती वेचून बाजूला ठेवल्याचे मी पाहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. त्या काळी काही चाली परक्या तबकड्यांवरून सरळ उचलल्या गेल्या, आणि उचलेगिरीला मी कला म्हणणार नाही. पण घेणे वेगळे आणि पचवणे वेगळे. 1963 साली ड्यूक एलिंग्टन आपला बँड घेऊन भारतात हिंडला, आणि त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' ही रचना जन्मली. तिच्यात दिल्ली आहे, आग्रा आहे. त्यामुळे अमेरिका बाटली, असे तिकडे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

खरी लाज वाटायला हवी ती निराळ्याच गोष्टीची. ज्या गोवेकरांनी ही वादकांची पाने लिहिली, त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे जाणते संगीतकार, प्यारेलालांचे गुरू. लोकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते 1977 सालच्या एका विनोदी गाण्यातून! आणि आज ज्या मिरवणुकांत माणसांनी फुंकलेले कर्णे असत, तिथे कर्कश ध्वनिवर्धकांच्या भिंती चालतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारी माणसे कानात बोळे घालून बसतात. त्या भिंतींविरुद्ध संस्कृतीरक्षकांचा आवाज फुटत नाही. तो फुटतो बावीस पोरांच्या बँडपुढे.

त्या संमेलनात शेवटी काय झाले? आठवड्यात नवे गाणे बसेना, म्हणून 'ऐ मेरे वतन के लोगों' ध्वनिमुद्रिकेवरून लावले. पोरे गणवेशात रांगेने उभी राहून ऐकत होती. सातवीतल्या एका मुलीने न वाजवलेला ट्रंपेट पुसून पेटीत ठेवला आणि मला विचारले, "सर, आमचं काय चुकलं?"

तिचे काहीच चुकले नाही. यंदा आम्ही दोन्ही गाणी बसवली आहेत. समितीला एकच सांगणे आहे : घेतलीत तर दोन्ही घ्या. ज्याला त्यांतले एकच आपले वाटते, त्याने चितळकरांचा कुठला अर्धा भाग मराठी आणि कुठला अर्धा परका, ते आधी त्या मुलीला समजावून सांगावे.