घर पाहण्याआधी बँक गाठा
बेंगळुरूत नोकरी करणारी आपली मराठी मुलं घर घ्यायचं ठरलं की सुट्टीच्या दिवशी सर्जापूर रोड, व्हाइटफील्डचे सॅम्पल फ्लॅट पाहत फिरतात, एखाद्यासाठी विसार देतात आणि मग बँकेत जातात. हा क्रम उलटा करायला हवा. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि खात्याचा उतारा दिला की बँक सिबिल पाहून, चालू हप्ते वजा करून किती कर्ज झेपेल ते तत्त्वतः मंजुरीच्या पत्रात सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचं कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटला १६ लाख स्वतःचे. त्यावर कर्नाटकात ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि ऑगस्ट २०२५ अखेरपासून दुप्पट झालेली २ टक्के नोंदणी फी, असे आणखी ५ लाख ६० हजार, उपकर वेगळा. हे पैसे कर्जाच्या हिशेबात धरले जात नाहीत, आणि नेमके इथेच आईवडिलांच्या ठेवी मोडल्या जातात. शिवाय बँकेची ही तत्त्वतः मंजुरी माणसाला असते, घराला नाही. बी-खात्याच्या, म्हणजे पालिकेच्या दप्तरी नियमित नसलेल्या, मालमत्तेवर अनेक बँका कर्जच देत नाहीत. म्हणून पत्र हातात आलं तरी ई-खाता (मालमत्तेचा पालिकेकडचा डिजिटल उतारा) आणि रेरा नोंदणी आधी बँकेच्या वकिलाला दाखवा, आणि कर्ज नाकारलं गेल्यास विसार परत मिळेल, हे कलम लिहून घेतल्याशिवाय चेक देऊ नका.