अर्धशिशी : जाड्यांची आणि रोडक्यांचीही

अर्ध्या डोक्यात घण पडू लागले, उजेड सोसेनासा झाला, मळमळू लागले, की घरातली बाई पदर कपाळाला करकचून बांधते आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहते. ही अर्धशिशी. डॉक्टरांकडे गेली आणि अंगाने जराशी भरलेली असली, तर सल्ला ठरलेला, "वजन कमी करा." सल्ला खोटा नाही. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो अपुरा आहे, असे मला वाटते.

२०१७ साली 'न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात १२ पाहण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे २ लाख ८९ हजार माणसांची माहिती होती. प्रमाणशीर वजनाच्या माणसांपेक्षा लठ्ठांत अर्धशिशीचा संभव २७ टक्के जास्त आढळला. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात. पण त्याच आढाव्यात अतिकृश माणसांतही हा संभव १३ टक्के जास्त निघाला! वजनामुळेच डोके दुखते, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

आता आपल्याकडे पाहा. चंद्रपूर-बल्लारपुरात बैठ्या कामाने वजन वाढलेली मंडळी आहेत, तशा एटापल्ली-भामरागडकडे अंगावर मांस नसलेल्या बायाही आहेत. उन्हाळा लागला की आधी मोहफुले वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला त्या पहाटेच जंगलात जातात, पुष्कळदा रिकाम्या पोटी. भूक, अपुरी झोप, रखरखीत ऊन, तिन्ही अर्धशिशी चाळवणारी. अशा बाईला वजन उतरवायला सांगून काय साधणार? तिने निघण्यापूर्वी पेज किंवा रात्रीचा भात खावा, सोबत पाणी न्यावे.

अंदाजासाठी सांगतो : १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन साडेएकेचाळीस किलोच्या खाली असेल तर ती कृश, ५६ च्या वर गेले तर भारतीयांच्या मापाने लठ्ठ.

लठ्ठांनी वजन जरूर उतरवावे, पण हळूहळू. एकदम जेवण तोडले किंवा उपासांवर उपास केले, की उपाशीपणानेच डोके उठते. औषधांचेही तसेच. अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून देतात त्यांपैकी फ्लुनारिझिनने वजन वाढू शकते, टोपिरामेटने घटते. जाड्या माणसाला पहिले आणि रोडक्याला दुसरे दिले, तर एक दुखणे जाऊन दुसरे यायचे. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी वजन करावे. नाही केले तर आपण आठवण द्यावी. त्यात भीड कसली?

किराणा दुकानातली वेदनाशामक गोळी मात्र जपून. महिन्यात दहा-पंधरा दिवस ती पोटात जाऊ लागली, की गोळीच डोके दुखवू लागते. आणि डोकेदुखीबरोबर थंडीताप असेल, तर अर्धशिशी समजून अंगावर काढू नका. आपला भाग हिवतापाचा आहे; आधी रक्त तपासून घ्या.